जुना कुलर २८०० चा की २२०० चा?

प्रश्न: ताई, आम्ही दर्यापूरकडचे. आईसाठी जुना कुलर पायजे. अकोल्यात जुन्या सामानाच्या दुकानात लोखंडी कुलर २८०० सांगतात, गावातला एक जण तसाच २२०० ला देतो म्हणते. कोणता घेऊ?

उत्तर: भाऊ, एप्रिलमध्ये जुना कुलर शोधणं म्हणजे पोळ्याच्या सकाळी बैलाचा साज घ्यायला निघणं, भाव विकणाराच सांगणार ना बापा! दिवाळीनंतर गेले असते तर हाच माल उतरलेल्या भावात भेटला असता. पण आईला ऊन आता लागते, तर घ्या.

फक्त ६०० चा फरक पाहू नका, आधी टाकीत हात घाला. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, खाऱ्या पाण्यानं पत्रा आतून सडते अन् वरून नवीन रंग मारला की काही दिसत नाही, नखानं खरवडा, पापुद्रा निघाला तर सोडून द्या. मग पाणी भरून अर्धा तास चालवून दाखव म्हणा, पंखा घरघरते का, पंप वर पाणी चढवते का, मोटर किती तापते. मोटरची वायंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तांब्याची की अल्युमिनियमची हेही विचारा, तांब्याची असली तर थोडे जास्त दिले तरी चालते. तिन्ही बाजूचं गवत बदलायचा खर्च अन् अकोल्याहून आणायचं भाडं त्या २८०० मध्ये मिळवा, मग तुलना करा. मला तर गावातलाच बरा वाटते, टाकी चांगली असली तर, बिघडला की माणूस समोरच राहते. अन् हो, २२०० म्हणते तो १८०० पर्यंत येईल, मागून तर पहा.