रडू आणि व्हायोलिन न वापरता लघुपटात मुलाचं एकटेपण कसं दाखवायचं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजसाठी दहा मिनिटांचा लघुपट करताय. आईवडील दोघंही नोकरीला, आणि आठ वर्षांचा मुलगा शाळेतून आल्यावर रात्रीपर्यंत फ्लॅटमध्ये एकटा. त्याला रडवायचं नाही आणि मागे व्हायोलिनही वाजवायचं नाही, हे तुम्ही आधीच ठरवलंय. फार बरं केलंत.

मी पुण्यात एडिटिंग करते, त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलावरून आलेलं आहे, कॅमेऱ्यामागून नाही.

दुर्लक्षाची अडचण ही की ते दिसत नाही. मारहाण दिसते, भांडण दिसतं. दुर्लक्ष म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही. मुलाने हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. आता न दिलेली ओ शूट कशी करणार? हाकेनंतरची शांतता मात्र धरून ठेवता येते. माझ्या लेखी सगळी तंत्रं इथेच येऊन मिळतात: जो माणूस घरात नाही त्याच्यासाठी फ्रेममध्ये जागा सोडायची, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघायला प्रेक्षकाला पुरेसा वेळ द्यायचा.

यासाठी एक फिल्म मी प्रत्येक विद्यार्थ्याला बघायला लावते. अँड्रिया अर्नल्ड या ब्रिटिश दिग्दर्शिकेची ‘वास्प’ (म्हणजे गांधीलमाशी), २००३ची. जेमतेम २६ मिनिटांची आहे, आणि २००५ साली तिला लघुपटाचं ऑस्कर मिळालं. इंग्लंडमधल्या डार्टफर्ड गावात झोई नावाची तरुण आई चार मुलांना घेऊन राहते. हातात पैसा नाही, घरात खायला काही नाही, मुलं पिशवीतली साखर खातात. जुन्या ओळखीचा एक तरुण तिला भेटायला बोलावतो. चारही मुलं आपली आहेत हे ती त्याच्यापासून लपवते, त्यांना पबच्या बाहेर थांबवते आणि स्वतः आत जाते.

एवढीच गोष्ट. पण ती कशी सांगितली आहे ते नीट बघा. रॉबी रायनचा कॅमेरा हातात धरलेला आहे, ट्रायपॉडवर नाही. तो माणसांना इतका चिकटून चालतो की आपणही त्या घरातलेच एक होऊन जातो. लांब उभं राहून ‘काय ही आई!’ म्हणायची सोयच उरत नाही. मग पब येतो. आत हसणं, गाणी, ग्लास. बाहेर भिंतीलगत तीन मुली आणि बाबागाडीतलं बाळ. फिल्म आत-बाहेर, आत-बाहेर करत राहते. आतला वेळ भराभर जातो, बाहेरचा जाता जात नाही. मुली खेळतात, कंटाळतात, पुन्हा काहीतरी खेळ काढतात. आई मधेच येऊन चिप्स आणि कोक देऊन जाते. दरम्यान उजेड उतरत जातो आणि अंधार पडतो. ‘किती वेळ झाला’ हे कुणी बोलत नाही, ते आकाशच सांगतं. दोन ठिकाणांमध्ये आलटूनपालटून कट मारायचं तंत्र आपण एरवी पाठलागात वापरतो. इथे तेच तंत्र एका दाराच्या दोन बाजूंना वापरलंय, आणि ते दार कुलूपबंदही नाही. आईला हवं तेव्हा बाहेर येता येतं. म्हणून ते जास्त लागतं.

पुढे कुणाचं तरी खाणं रस्त्यावर पडतं आणि भुकेल्या मुली ते उचलतात. बाळाच्या तोंडाला सॉस लागतो, आणि तिथे गांधीलमाशी येते. गांधीलमाशी बाळाच्या तोंडात शिरते तो क्लोज-अप मी कितीदा पाहिलाय, तरी दर वेळी हात आवळले जातात. त्या क्षणी आई कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. ती जवळच, त्या तरुणाच्या गाडीत आहे. संकट एवढंसं, बोटाच्या पेराएवढं. मोठं माणूस शेजारी असतं तर त्याने हाताने हाकललं असतं. ‘इथे कुणीतरी असायला हवं होतं’ हे वाक्य फिल्ममध्ये कुणी उच्चारत नाही, त्या इवल्या किड्याकडून ते आपल्याला ऐकू येतं.

आणि आई दुष्ट नाही. तिचा मुलांवर जीव आहे, किंचाळी ऐकल्यावर ती धावत येते. तुमच्या पटकथेतली आई फोनवर तुसडेपणाने बोलते असं तुम्ही लिहिलंय. तो संवाद काढून टाका असं मी कळकळीने सांगेन. तुसड्या आईवर राग काढून प्रेक्षक मोकळा होतो. आई प्रेमाने बोलत असेल, ‘जेवलास का राजा’ विचारत असेल, आणि तरी घरी येऊ शकत नसेल, तर ते मूल प्रेक्षकासोबत घरी जातं.

दुसरी फिल्म लिन रॅमझीची ‘गॅसमॅन’, १९९८ची, सुमारे १५ मिनिटांची, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो भागातली. नाताळच्या पार्टीला निघालेलं घर. सुरुवातीला चेहरे दिसतच नाहीत. हात, पाय, बूट, कपडे, खेळण्यातल्या गाडीवर बर्फासारखी भुरभुरवलेली साखर. मूल मोठ्यांना असंच बघतं, कमरेपर्यंत. पुढे त्या लहान मुलीला कळतं की आपल्या बाबांना दुसरीही मुलं आहेत. कुणी तिला बसवून काही समजावत नाही. शेवटी तिच्या हातात दगड येतो, आणि ती तो टाकून देते. हा प्रकार तुम्हाला सहज करता येईल: पहिली दोन मिनिटं कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि मोठ्या माणसांसाठी तो वर उचलू नका. बाबांचा पट्टा, आईची पर्स, दाराची कडी. एवढंच.

रंगाबद्दल तुम्ही विचारलंय. अल्बेर लामोरिसच्या १९५६च्या ‘रेड बलून’मध्ये पॅरिसच्या राखाडी गल्ल्यांत एकच लालबुंद फुगा आहे आणि तो मुलाच्या मागे मागे येतो. त्या एका रंगाने मुलाला सोबत दिली आहे. म्हणून म्हणते, एकटेपण म्हणजे सगळी फ्रेम निळी करायची, असं समजू नका. निळा फिल्टर आता मोबाइललाही लागतो.

आता मी स्वतः एडिट केलेल्या एका लघुपटाचं सांगते, कारण तो तुमच्या विषयाच्या अगदी जवळचा होता. दोन खोल्यांचं घर, मुलगा एकटा. आई फोनवर सांगते, ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर हं.’ मुलगा ओट्याशी उलटी बादली ठेवून तिच्यावर चढतो आणि कुकरसमोर उभा राहतो. दिग्दर्शकाने दोन शॉट घेतले होते. एक क्लोज-अप, डोळ्यांत पाणी. दुसरा मागून, दारातून घेतलेला वाइड, म्हणजे लांबून घेतलेला शॉट: बादलीवर टाचा उचलून उभ्या मुलाची पाठ आणि गॅसच्या बटणावर आधीपासूनच ठेवलेला हात. मी पहिल्यांदा क्लोज-अप लावला. बघताना काही खटकलं नाही, पण काही झालंही नाही. मग तो काढला आणि वाइड शॉट अख्खा चाळीस सेकंद ठेवला. पहिली शिट्टी. मुलगा बोट दुमडतो. मग बराच वेळ काही नाही. दुसरी. पुन्हा बोट. तिसरी येईपर्यंत स्क्रीनिंगच्या खोलीत कुणी खुर्चीही हलवली नाही. आठ वर्षांच्या मुलाचा हात गॅसवर आहे, आणि घरात दुसरं कुणी नाही. याहून अधिक काही सांगावं लागलं नाही.

त्यात संगीत एकाही ठिकाणी नव्हतं, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. रिकाम्या घराला आवाज असतो. फ्रिजची घरघर, शेजारच्या टीव्हीवरची मालिका, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची. दुसऱ्यांच्या घरचे आवाज जितके स्पष्ट, तितकं हे घर रिकामं वाटतं. आम्ही लिफ्टचा आवाज पाच वेळा वापरला. लिफ्ट वर येते, मुलगा पेन्सिल थांबवतो, लिफ्ट न थांबता पुढच्या मजल्यावर जाते, पेन्सिल पुन्हा चालू होते. पहिल्या वेळी प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. चौथ्या वेळी तोही मुलासोबत कान देऊन बसलेला असतो.

एक गोष्ट तंत्राची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकटेपणाचा अभिनय मिळावा म्हणून मुलाला खरंच एकटं ठेवणं, आई सेटवर नाही असं खोटं सांगून घाबरवणं, हे प्रकार मी ऐकलेत. कृपा करून करू नका. त्याला फक्त कृती द्या: शिट्ट्या मोज, बोट दुमड, लिफ्ट ऐक. दुःख प्रेक्षक स्वतः आणतो. आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त होता कामा नये, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कॉलेजचं काम असलं तरी आधी चौकशी करा आणि वेळापत्रक मुलाच्या झोपेच्या वेळा बघून लावा.

शूटिंगच्या आधी एक संध्याकाळ काढा. ज्या फ्लॅटमध्ये चित्रीकरण करणार तिथे सहा ते नऊ कॅमेरा न घेता बसा. रेकॉर्डर बंद दाराच्या आतल्या बाजूला ठेवा, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, म्हणजे मुलाच्या कानाच्या उंचीवर. जिन्यातली पावलं, लिफ्ट, ‘कृपया दरवाजा बंद करें’, कुणाच्या तरी किल्ल्या, शेजारचं दार उघडणं, ‘बाबा आले’ म्हणून दुसऱ्याच मुलाने मारलेली हाक. ते तीन तास ऐकून मगच पटकथेचा पुढचा खर्डा लिहा. पाठवलात तर मी नक्की वाचेन.