स्टिकर लावायच्या आधी हे वाच

अगं,

तुझा मेसेज वाचला, एक्सेलचा फोटोपण बघितला. पाच ते आठ हिरवा, नऊ ते बारा पिवळा, तेराच्या पुढे लाल, असे स्टिकर लावून ऐरोलीतल्या तुझ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या लायब्ररीतली सगळी फँटसी आणि साहसाची पुस्तकं एका रविवारात लावून टाकायची असा प्लॅन दिसतोय तुझा. रंग लाव, माझी ना नाही, पण फक्त वय बघून लावू नकोस. वयाचा आकडा सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त तोच फसवतो.

टॉल्किनच्या 'हॉबिट'चंच घे ना. १९३६ साली प्रकाशकाने त्याचं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, त्याचा एक शिलिंग मिळायचा त्याला, आणि त्या पोराने लिहून दिलं की हे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा! आपल्याकडचे पाचवीतले तरी काय वेगळं करतात, रात्री जागून पुस्तक संपवतात आणि परत देताना 'लहान मुलांचं आहे, काकू'. आणि तेच 'हॉबिट' आज पन्नाशीची माणसं परत परत वाचतात. मग त्याला कुठला रंग लावणार तू?

मी काय बघते ते सांगते. गोष्टीत काय घडतं यापेक्षा ते किती जवळून सांगितलंय ते बघते. नरसिंहाने हिरण्यकशिपूचं पोट फाडलं हे आपण चार वर्षांच्या पोराला वरणभात भरवता भरवता सांगतो की नाही, आणि पोर आरामात पुढचा घास घेतं. कारण ते एका वाक्यात उरकतं, उंबरठा, संध्याकाळ, नखं, संपलं, आणि प्रल्हाद सुखरूप. आता याच्यासमोर 'हंगर गेम्स' ठेव, २००८ चं. चोवीस मुलं एकमेकांना मारायला सोडलेली, आणि सांगतेय कोण तर त्यातलीच सोळा वर्षांची कॅटनिस, तीही आत्ता या क्षणी घडतंय अशा भाषेत, आणि त्यात ती बारा वर्षांची रू आहे, तिथे वाचणाऱ्याला मागे सरकायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून ते मी आठवीच्या आधी देत नाही. नववीतल्यांना बिनधास्त देते, उलट स्वतःहून हातात ठेवते.

हे तपासायचं कसं, तर पहिली पानं वाचू नकोस, ती सगळ्यांचीच गोड असतात. शेवटचा एक तृतीयांश भाग उघड आणि कपाटापाशीच उभ्या उभ्या दहा पानं वाच. 'नॉर्दर्न लाइट्स' १९९५ चं, त्यात बोलणारं चिलखतवालं अस्वल आहे, प्रत्येक माणसाबरोबर त्याचा प्राणी फिरतोय, हे ऐकून कोणीही दुसरीतल्या पोरासाठी घेऊन जाईल. शेवट वाचलास की तूच पुस्तक वरच्या कप्प्यात ठेवशील. आणि नायक लहान आहे म्हणून पुस्तक लहानांचं, असंही नसतं. 'गेम ऑफ थ्रोन्स' चक्क मोठ्यांचं, आणि त्यातला ब्रॅन सात वर्षांचा आहे, आता बोल.

दुसरी गोष्ट, चांगला कोण आणि वाईट कोण हे पुस्तक स्वतः सांगतं की वाचणाऱ्यावर सोडतं? 'ट्रेझर आयलंड' त्यासाठी मला फार उपयोगी पडतं, १८८३ चं असूनही. मराठीत संक्षिप्त मिळतं, चौथी-पाचवीला चालतं. परत आलं की मी विचारते, तो लाकडी कुबडीवाला सिल्व्हर कसा वाटला? 'व्हिलन आहे' असं उत्तर आलं तर छान, अजून तसलीच दोन-चार देते. पण एखादं पोर जरा थांबून 'वाईट आहे, पण मला आवडला' म्हणालं ना, की समज त्याचा कप्पा बदलायची वेळ आली. मग त्याला ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो दे, जो जहाजं बुडवतो आणि तरी आपण त्याच्या बाजूने असतो. आणि 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये तो नेमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, १८५७ च्या उठावात लढलेला! हे आधी सांगू नकोस हां, पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हॅरी पॉटरचं वेगळंच दुखणं आहे. पहिलं पुस्तक १९९७ चं आणि सातवं २००७ चं, म्हणजे तेव्हाची पोरं दहा वर्षं हॅरीबरोबर मोठी होत गेली, पुस्तकं जाड आणि भीतीदायक होत गेली तशी तीपण धीट होत गेली. आता सातही एकदम मिळतात, मे महिन्याची सुट्टी असते, आणि तिसरीतलं पोर जूनपर्यंत सगळं संपवून मोकळं. म्हणून एका सिरीजला एकच रंग देऊ नकोस. पहिली तीन एका रंगात, चौथ्यापासून दुसरा, कारण चौथ्याच्या शेवटी शाळेतलाच एक मुलगा मारला जातो आणि तिथून पुढे गोष्ट मागे वळत नाही.

आमच्या नौपाड्यातल्या लायब्ररीत सहावीतली एक मुलगी यायची, दप्तर पाठीवरच, पुस्तक हातात घेऊन आधी विचारायची, 'काकू, यात कोणी मरतं का?' मी खरं सांगायचे. सातव्या पॉटरच्या वेळी सांगितलं की बरेच मरतात. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'प्राणी?' म्हटलं, घुबड. तिने ते पुस्तक शांतपणे टेबलावर परत ठेवलं आणि म्हणाली, 'मग सहावं परत द्या.' माणसं मेलेली चालतील, हेडविग नाही. असलं एक्सेलमध्ये कुठून येणार?

आता तुझ्या सोसायटीचा खरा प्रश्न. तिथली बहुतेक पोरं इंग्लिश मीडियमची, इंग्लिशमध्ये पाचशे पानं खातात आणि मराठी वाचताना जोडाक्षर आलं की अडखळतात. बारा वर्षांच्या मुलाला मराठी सोपं पाहिजे म्हणून तू ससा-कासव दिलंस तर तो परत फिरकणार नाही. त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दे. वाक्यं छोटी, संवाद पटापट, सायकल, धावपळ, 'ट्टॉक', आणि समज मात्र बारा वर्षांच्या मुलाचीच धरलेली. त्यानंतर सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलुदा, अशोक जैनांनी मराठीत आणलाय, खूनबिन आहेत पण अंगावर येत नाहीत. उलट बाजूने, ज्याला वाचायचाच कंटाळा आहे त्याला पर्सी जॅक्सन. त्या हिरोलाच अक्षरं धड वाचता येत नाहीत, बाप ग्रीक देव आहे, आणि कर्ण-भीम ऐकलेल्या आपल्या पोरांना हे देवाचं पोर वगैरे समजावून सांगावं लागत नाही.

लेखकाचं नाव बघून कप्पा ठरवू नकोस हेपण लिहून ठेव. 'अलबत्या गलबत्या' मतकरींचं, आणि 'खेकडा' या भयकथापण मतकरींच्याच. नाटक बघून आलेली आई प्रेमाने दुसरं उचलते, आणि मग रात्री घरात कोणी झोपत नाही.

पालक तुला एकच विचारतील, 'यात तसलं काही नाही ना?' 'हंगर गेम्स'मध्ये पोरं मेली तरी चालतात, एक किस चालत नाही, असो. पण त्यांची भीती अगदीच खोटी नाही. हल्ली इंग्लिशमध्ये कव्हरवर ड्रॅगन, सोनेरी कडा आणि आत चक्क मोठ्यांचा मामला अशी जाडजूड फँटसी भरपूर येते, आणि डोनेशनच्या खोक्यात तीच सगळ्यात कोरी करकरीत असते.

शेवटचं काम, रजिस्टरमध्ये एक कॉलम वाढव. पुस्तक अर्धवट परत आलं तर कुठल्या पानावर सोडलं ते लिही. का सोडलं विचारू नकोस, पोरं 'बोअर' एवढंच सांगतात. एकाच पानाच्या आसपास तिघांनी सोडलं की ते पान तू स्वतः वाच, मग रंग बदलायचा की नाही ते ठरव.

शनिवारी दुपारी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येते, दोन पिशव्या पुस्तकं आहेत, स्टेशनवर कोणाला तरी पाठव. आणि फोटोत खालच्या कप्प्यात, चांदोबाच्या गठ्ठ्याशेजारी, ते ड्रॅगनवाले तीन जाड खंड दिसले मला. ते आजच्या आज कपाटाच्या वर टाक.

काकू