अमेरिकेची पूर्व-पश्चिम जोडणारी पहिली रेल्वे आयरिश आणि चिनी मजुरांनी बांधली, मग आयरिश राजकारणात आणि चिनी हॉटेलात का?

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर दोन्ही समाजांच्या स्वभावात शोधू नका. ते अमेरिकेच्या कायद्यात आहे.

आधी काम पाहू. रेल्वे दोन कंपन्या दोन टोकांकडून बांधत होत्या. पूर्वेकडून येणाऱ्या युनियन पॅसिफिकवर आयरिश टोळ्या मोठ्या संख्येने होत्या. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून निघालेल्या सेंट्रल पॅसिफिकने 1865 पासून चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या लोकांची मोठी भरती केली; पुढे दहातले जवळजवळ नऊ मजूर चिनीच होते. सिएरा नेवाडा डोंगररांगेतला सहा नंबरचा बोगदा 1,659 फुटांचा. ग्रॅनाइट असा की सुरुंगाच्या काळ्या दारूने एका तोंडावर दिवसाला जेमतेम फूटभर सरकायचं. म्हणून डोंगरावरून मधोमध विहीर खणून चार तोंडांवर काम लावलं. चिनी टोळीचा आचारी स्वतःचा असे. उकळलेला चहा कावडीने कामावर पोचायचा. ओढ्याचं पाणी पिणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात हगवण कमी होती, ती यामुळे.

पगारात मात्र फरक. गोऱ्यांना महिना सुमारे 35 डॉलर आणि वर जेवण. चिन्यांना त्याहून कमी, आणि शिधा स्वतःचा. जून 1867 मध्ये त्यांनी 40 डॉलर आणि कामाचे तास कमी मागून संप केला. कंपनीने रसद तोडली आणि आठवडाभरात संप मोडला. 28 एप्रिल 1869 ला एका दिवसात दहा मैल रूळ पडले: 3,520 रूळ, एकेक साधारण 560 पौंडांचा. ते उचलणाऱ्या आठ आयरिश गड्यांची नावं नोंदलेली आहेत. त्याच दिवशी राबलेल्या चिनी मजुरांची नाहीत. मला ही गोष्ट अजूनही खुपते.

आता कायदा. 1790 च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त 'गोऱ्या स्वतंत्र माणसांना'. आयरिश माणूस काही वर्षांत मतदार व्हायचा, आणि मतांच्या जोरावर नगरपालिका, पोलिस, अग्निशमन दल त्याच्या हाती आलं. चिन्याला मतच नव्हतं. 'चिन्यांनी चालतं व्हावं' ही हाक 1877 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत देणारा डेनिस कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला होता.

1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी आली. व्यापाऱ्यांना सूट राहिली. 1915 च्या एका निकालाने हॉटेलमालकही व्यापाऱ्यांत मोडू लागले, आणि खरी मेख इथे आहे. नातेवाईक भांडवल एकत्र करून मोठं हॉटेल काढत. ज्याला व्यापारी ठरायचं त्याने वर्षभर भांड्याला हात लावायचा नाही, वाढायचं नाही, फक्त कारभार बघायचा. वर दोन बिगरचिनी साक्षीदार हवेत. मग पुढच्या भागीदाराची पाळी. चॉप सुई हा अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांचा पदार्थ; तो गावोगाव पोचला त्यात या हिशोबाचा मोठा वाटा आहे. निव्वळ चवीने ते झालं नसतं.

बंदी 1943 मध्ये उठली आणि नागरिकत्व खुलं झालं, पण नव्याने येण्यावर वर्षाला 105 जणांचा कोटा राहिला.