तू स्टॉपरच राहा

प्रिय मुली,

तुझा मेसेज सावकाश वाचला. घरचे म्हणतात, मैत्रिणी म्हणतात आणि आता क्लबातलेही म्हणायला लागलेत की मागं खेळून कुणाचं नाव होत नाही. पायात वेग आहे तर पुढं जा, चार गोल मार, निवड समितीच्या डोळ्यात भर. तुझं मन मात्र मागंच रमतं. बारावीचं वर्ष आहे, पुढं फुटबॉलच करायचं हे तू पक्कं केलंयस, म्हणून हा प्रश्न तुला झोपू देत नाहीये.

माझं उत्तर आधीच सांगते: स्टॉपरच, म्हणजे बचावफळीच्या मधोमधच, राहा. चेंडू कुठं येणार हे तुला इतरांच्या आधी कळतं. शिकवून हे फार थोड्या मुलींना येतं, तुला ते आपसूक आलंय. ते सोडून तू पुढं गेलीस तर तुझ्यासारख्या वेगवान मुली तिथं ढिगानं भेटतील.

लोक असं का म्हणतात तेही मला कळतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ भिडतात तेव्हा गॅलरी उसळते ती गोलला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कितव्या मिनिटाला कुणी कुणाच्या पासवर गोल केला हे छापून येतं आणि बचावफळीच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. पण संघ बांधणारा माणूस पेपर वाचून संघ बांधत नाही. तो गोलची यादी बघतोच, पण चार बॅकपैकी कोण घाबरत नाही, कोण दुसरीला सावरते, कोण चेंडू मिळाल्यावर उगाच लांब उडवत नाही, हेही बारकाईनं बघतो.

परवाच्या सामन्यातला तो प्रसंग आठव. त्यांची सात नंबर उजव्या कडेनं सुटली होती. तुमची साईड बॅक वर अडकलेली, मधून त्यांची दुसरी फॉरवर्ड पळत येत होती आणि मध्ये तू एकटी. तू पाय घातला नाहीस. अंग तिरकं केलंस, मागं मागं सरकत तिला कडेच्या रेषेकडंच ठेवलंस, आतली वाट बंद केलीस आणि मान वळवून दुसरीवरही नजर ठेवलीस. चार-पाच सेकंद गेले असतील, तेवढ्यात तुमच्या दोघी मागं आल्या आणि त्या मुलीला चेंडू घेऊन परत फिरावं लागलं. टाळी कुणी वाजवली नाही. पण कुणा निवड करणाऱ्याला तुझ्याबद्दल सांगायची वेळ आली, तर मी ते चार-पाच सेकंदच सांगेन. मी मुलींना यासाठी कबड्डीचं उदाहरण देते: कोपऱ्यातला खेळाडू साखळी जुळेपर्यंत थांबतो, उगाच एकटाच झेप घेत नाही.

त्याच प्रसंगात दोन गोष्टी मला खटकल्या. मागं सरकताना तुझ्या टाचा जमिनीला टेकत होत्या. तिनं अचानक आत कट मारला असता तर तुला वळायला उशीर झाला असता. आणि तू गप्प होतीस. अख्खं मैदान तुझ्यासमोर असतं, पुढच्यांना पाठीमागचं दिसत नाही, त्यामुळं त्यांचे डोळे तूच आहेस. ‘मॅन ऑन’ (मागं कुणीतरी आहे), ‘टर्न’ (मोकळी आहेस, वळ), ‘लाइन वर’ (सगळ्या बॅक पुढं सरका), ‘सोड, माझा’ एवढे शब्द पुरतात, पण ते वेळेवर आणि पोटातून यायला हवेत. उद्या राष्ट्रीय शिबिरात गेलीस तर शेजारची बॅक मणिपूरची असेल, दुसऱ्या बाजूची हरियाणाची, गोलकीपर तमिळनाडूची. तिथं असे चार शब्दच सगळ्यांना बांधून ठेवतात. लाजू नकोस, ओरडायची सवय आत्तापासून कर.

डाव्या पायाचंही सांगते. डावखुऱ्या स्टॉपर कुठल्याही संघाला कमीच मिळतात. तू उजवी आहेस, पण डाव्या पायानं सरळ वीस यार्डांचा पास बिनचूक गेला, तर प्रशिक्षक तुला दोन्ही बाजूंना खेळवू शकतो. भिंतीवर रोज डाव्या पायानं चेंडू मार. कंटाळवाणं काम आहे, तरी कर.

आता एक अभ्यास. ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माईत भारतानं थायलंडला २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पहिल्यांदाच जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि तिचं जेवढं कौतुक झालं तेवढं थोडंच होतं. दुसरा गोल ७४व्या मिनिटाला झाला. तिथून शेवटच्या शिट्टीपर्यंत आपल्याच मैदानात खेळणाऱ्या थायलंडला बरोबरी हवी होती. सामन्याचं चित्रण मिळालं तर तो शेवटचा भाग चेंडूकडं न बघता फक्त आपल्या बचावफळीकडं बघत पाहा. कोण पुढं सरकते, कोण तिची जागा भरते, चेंडू बाहेर गेल्यावर कोण कुणाशी बोलते ते वहीत लिहून काढ.

हे करिअर कसं असतं ते बघायचं असेल तर लोइटोंगबाम आशालता देवीकडं बघ. इंफाळची मुलगी, बचावपटू, भारताची माजी कर्णधार. २०१८-१९ ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिला गौरवलं गेलं, आणि २०१९ मध्ये आशियातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या अंतिम तिघींत तिचं नाव होतं. पण माझ्या मनात घर करून आहे ते तिचं २०२२ हे वर्ष. जानेवारीत आशियाई चषक आपल्याकडं, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात होता. आशालता कर्णधार. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० बरोबरी झाली, आणि मग कोरोनानं संघच आडवा केला. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमान भारताची स्पर्धा तिथंच संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गोकुळम केरळ संघाबरोबर आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचली, तर फिफानं भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी घातलेली. मुली हॉटेलात बसून राहिल्या आणि न खेळता परत आल्या. एका वर्षात दोन मोठ्या स्पर्धा हातातून गेल्या, आणि दोन्ही वेळा तिच्या पायाची काहीच चूक नव्हती.

ती खेळत राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध ती शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. भारताच्या महिला फुटबॉलमध्ये इथवर पोचलेली ती पहिली, आणि तीही बचावपटू. मागं खेळणाऱ्यांचं नाव होत नाही असं पुन्हा कुणी म्हणालं तर त्यांना हे सांग.

निवडीत नाव आलं नाही म्हणून खचायचं नाही, हेही बाहेर बघून शिकता येतं. फ्रान्सची वेंडी रेनार मार्टिनिक बेटावरून पंधरा वर्षांच्या आसपास असताना चाचणीला गेली, तेव्हा राष्ट्रीय केंद्रानं तिला नाकारलं. लियों क्लबनं घेतलं. त्या एकाच क्लबकडून तिनं युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग आठ वेळा जिंकली. तीही सेंटर बॅक.

आता गुडघ्याबद्दल, आणि हा भाग तुझ्या आईलाही वाचून दाखव.

मुलींच्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे आतला पुढचा लिगामेंट, तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. बहुतेकदा कुणी धडकलेलंही नसतं. हेडरसाठी उडी मारून एका पायावर उतरताना, किंवा जोरात पळता पळता वळताना गुडघा आत झुकतो आणि गेलं. नऊ महिने ते वर्षभर मैदान बंद. इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन, तीही सेंटर बॅक, २०२३ च्या विश्वचषकाआधी अशीच जायबंदी झाली आणि स्पर्धेला मुकली. स्टॉपर दिवसभर उड्या मारते आणि वळते, त्यामुळं तू जास्त जप. ‘फिफा ११+’ नावाचा वॉर्म-अप आहे, वीसेक मिनिटांचा, साधनं काही लागत नाहीत. त्यानं दुखापती कमी होतात हे मुलींच्या संघांवरही तपासून झालंय. क्लबात करून घेत नसतील तर तू अर्धा तास आधी जा आणि एकटी कर. उडीवरून उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो का, ते कुणाला तरी समोरून मोबाईलवर टिपायला सांग. आणि टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, लांब स्टडचे बूट घालू नकोस. स्टड रुततो, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. टर्फसाठी वेगळा जोड घे, साधा चालेल.

पाळीच्या तारखा वहीत लिहीत जा. फार रक्तस्राव होत असेल, दम लवकर लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घे. कितीतरी मुली ‘स्टॅमिना नाही’ म्हणून बाकावर बसतात आणि मूळ कारण रक्त कमी असणं हे असतं. प्रशिक्षक पुरुष असला तरी हे बोलायला संकोच करू नकोस, आणि अगदीच जमत नसेल तर मला सांग, मी बोलते.

तू इंग्लंडच्या ल्यूसी ब्राँझचा फोटो प्रोफाइलला लावलायस. छान केलंस. फिफाचा वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान २०२० मध्ये तिला मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली बचावपटू. शिकत असताना ती पिझ्झाच्या दुकानात काम करायची आणि खेळायची, हेही लक्षात ठेव. पण २०२५ चा युरो चषक ती नडगीचं हाड मोडलेलं असताना पूर्ण खेळली, ही गोष्ट डोक्यात घेऊ नकोस. तिच्यामागं डॉक्टरांची फौज होती आणि निर्णय घेण्याचा अनेक वर्षांचा अनुभव होता. तुझा घोटा सुजला तर तू बाहेर बसायचं. तो जिल्ह्याचा अंतिम सामना असला तरी.

राहिला पैशाचा विषय. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीची वर्षं एकाच ठिकाणी थोड्या आठवड्यांत उरकायची; २०२३-२४ पासून ती घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर होऊ लागली. तेव्हाच महासंघानं ठरवलं की क्लबांनी किमान १० भारतीय मुलींशी व्यावसायिक करार करावा आणि प्रत्येकीला वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. हे पाऊल चांगलं आहे, पण तेवढ्यावर आयुष्य उभं राहत नाही, आणि करार बहुतेक एका हंगामापुरते असतात. म्हणून पदवी सोडायची नाही. बाहेरून कर, सावकाश कर, पण कर. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही क्रीडा कोट्यातून भरती होते. त्यासाठी प्रमाणपत्रं नीट लागतात. शालेय स्पर्धांपासूनचं प्रत्येक प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेव. राजमाता जिजाबाई करंडकासाठी, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेसाठी, महाराष्ट्राच्या संघात निवड झाली तर तो कागद सोन्याच्या मोलाचा आहे.

करारात आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघ, दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा गुडघा क्लबच्या सरावातच गेला. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, ऑपरेशनसाठी वडिलांनी कर्ज काढलं. ती उत्तम लेफ्ट बॅक होती. मला आजही त्या गोष्टीचा राग येतो, म्हणून तुला इतकं बजावून सांगते.

आता पुढचं काम. रविवारच्या सामन्याचं चित्रण भावाला गॅलरीच्या वरच्या पायऱ्यांवरून काढायला सांग. कॅमेरा चेंडूमागं फिरवायचा नाही, चौघी बॅक सतत दिसल्या पाहिजेत. निवडक क्लिप नकोत, पूर्ण सामना पाठव, ज्यात तू चुकलीस तेही. आणि कुठल्याही क्लबचा कागद हातात आला तर सही करण्याआधी मला फोटो पाठव, मग रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी चालेल.

तुझी
ताई