खोंडाला वाढीचे इंजेक्शन द्यावे का?

या आठवड्यात दोन प्रश्न आले. आंबेगावचे एक शेतकरी विचारतात: "दीड वर्षाचा खिलार खोंड उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर होता, बरगड्या दिसायला लागल्यात. घाटात गाड्याला जुंपायचाय. एक जण म्हणतो, हार्मोन टोचलं की दोन महिन्यांत भरेल. टोचू का?" दौंडहून दुसरा: "संकरित कालवड दोन वर्षांची झाली, उसाच्या वाढ्यांवर आहे, माजावर येत नाही. हार्मोनचा कोर्स करावा का?"

दोघांनाही उत्तर एकच: आत्ता नको.

आधी खोंडाचे. त्याच्या अंगात वाढीच्या हार्मोनचा तुटवडा नाही. अर्धपोटी जनावराच्या रक्तात ते उलट जास्त सापडते. अडते ते यकृतात. या हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचा दुसरा हार्मोन बनवते आणि हाडे-स्नायू वाढवण्याचे बरेचसे काम तो करतो. खुराक तुटला की यकृत त्या सांगण्याला दाद देत नाही. आयजीएफ उतरतो, इन्सुलिन उतरते, थायरॉइडही मंदावते, आणि वाढीचे हार्मोन अंगातली चरबी काढून दिवस ढकलत राहते. दुष्काळात आपण घरखर्च आवळतो, तसेच. अशा जनावराला बाहेरून आणखी हार्मोन टोचून काय साधणार?

आता यातली चांगली बाजू. यकृत आणि आतडी-पोट मिळून वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण जनावराच्या एकूण ऊर्जेतला चाळीस टक्क्यांच्या वर वाटा तीच खातात. उपासमारीत ती आकसतात, म्हणून नुसते जगण्याचा खर्च कमी होतो. पुढे चांगली वैरण मिळाली की काही आठवडे हा खर्च कमीच राहतो आणि उरलेले अंगी लागते. पावसाळ्यात हिरव्यावर जनावर झपाट्याने भरते, त्याचे एक कारण हे. मात्र पहिल्या आठवड्यात वाढलेले वजन बहुतेक पोटातल्या चाऱ्याचे असते, त्यावर खूश होऊ नका.

दोनशे किलोच्या खोंडाला रोज साधारण दहा किलो हिरवी मका, दोन किलो कडबा कुट्टी, दीड किलो पेंड आणि तीस ग्रॅम खनिज मिश्रण द्या. पेंड अर्ध्या किलोपासून सुरू करून तीन-चार दिवसांनी पाव किलोने वाढवा. एकदम भरडा ओतलात तर पोट आंबते आणि खोंड खाणेच टाकतो. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून आधीच पाजा.

अमेरिकेत मांसासाठीच्या गुरांच्या कानात हार्मोनची गोळी बसवतात हे खरे, पण ती जनावरे थोड्याच महिन्यांत कत्तलखान्यात जातात. युरोपने तर यावर बंदी घातली आहे. तुमच्या खोंडाला वर्षानुवर्षे काम करायचे आहे. बाहेरून नर हार्मोन टोचले तर त्याचे स्वतःचे वृषण सुस्तावते. शिवाय अपायकारक औषध विनाकारण देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

दौंडकरांनी आधी टेप घ्यावा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत अंदाजे वजन. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर सुमारे २७३ किलो. संकरित कालवड २५० किलोच्या खाली असेल तर तिचा मेंदूच बीजांडाला "थांब" सांगतो. कोर्सने कदाचित माज दिसेल, पण त्या अंगावर गाभण राहिली तर विताना अडेल. वाढ्यांत प्रथिने कमी आणि ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून वाढे कमी करून लसूण घास, दीड-दोन किलो पेंड आणि खनिज मिश्रण तीन महिने द्या.

वजन २६० भरूनही माज नाही, तर तपासणीला आणा. येताना एवढे आठवून या: ती गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मली होती का? तशा दहातल्या नऊ कालवडी वांझ निघतात, तिथे कोर्सचे पैसे वाया जातील.