पाणवठा, पायवाट आणि घाणेरी : राष्ट्रीय उद्यानांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उन्हाळ्यात जंगलातले ओढे आटतात. मग राष्ट्रीय उद्यानात थोड्या थोड्या अंतरावर कृत्रिम पाणवठे का बांधत नाहीत?

बांधले की काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाने पाहिलं आहे. उद्यानाच्या उत्तर भागात बोअरवेलचं पाणी बारमाही झालं, तसे झेब्रे तिथे मुक्कामाला आले. त्यांच्यामागून सिंह आले. उंच गवतात विरळ राहणारी रोन हरणं यात आयतीच सापडली, त्यात दुष्काळाची भर पडली. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेली रोन १९९३ पर्यंत ४५ च्या आसपास उरली. पुढे तिथले पाणवठे बंद केले. झेब्रे पांगले, पण रोनची संख्या काही लगेच सावरली नाही.

शिवाय पाणी जवळजवळ असलं की प्रत्येक पाणवठ्याभोवतीचं गवत तुडवलं जातं आणि दोन पाणवठ्यांमध्ये चराईपासून सुटलेलं कुरण उरत नाही. वाईट वर्षी उपयोगी पडतं ते हेच राखीव गवत. म्हणून पाणवठा कुठे नको, हे आधी ठरवावं.

बांधायचाच असेल तर बशीसारखा, उतरत्या काठाचा बांधावा. सरळ भिंतींच्या हौदात पिल्लं आणि साप पडले की बाहेर येत नाहीत. जुना हौद असेल तर निदान एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत दगडांचा उतार रचावा. गस्तीवरच्या माणसाने पाण्याची पातळी बघून पुढे जाऊ नये. काठावर मेलेले बेडूक, मासे किंवा पक्षी दिसले तर विषप्रयोगाचा संशय घ्यायचा : आधी जनावरांना पाण्यापासून अडवायचं, पाण्याचा नमुना घ्यायचा, मगच हौद उपसायचा. ते पाणी ओढ्यात सोडायचं नाही.

प्रश्न : आमच्या गटाने दुरुस्त केलेली पायवाट एका पावसाळ्यात दुप्पट रुंद झाली. लोकांना शिस्त नाही, दुसरं काय?

शिस्तीपेक्षा पाण्याचा दोष जास्त दिसतो. वाटेवर चिखल झाला की माणूस कडेच्या गवतावरून जातो, मग तिथेही चिखल होतो, की पुढचा आणखी बाहेरून. पाटी लावून हे थांबत नाही.

डोंगराच्या उतारावर वाट सरळ वर नेऊ नका, आडवी न्या. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सर्वसाधारणपणे १० टक्क्यांच्या आत ठेवा. चढ त्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेलाच ओहोळ करून घेतं. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता हवा, मीटरभर रुंदीला साधारण ५ सेंटिमीटर. दरीच्या कडेला मातीचा वरंबा साचतो, तो दरवर्षी खरवडून काढा. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं, म्हणून नेमकं तेच राहून जातं. पाणी काढून देणारे दगड वाटेला काटकोनात बसवू नका, तिरपे बसवा. काटकोनात बसवले की मागे गाळ साचतो आणि पाणी वरून वाहू लागतं.

आणखी एक गोष्ट. अस्पर्श गवताची सर्वाधिक हानी पहिल्या थोड्या पावलांनीच होते. नंतर वर्दळ दसपट झाली म्हणून हानी दसपट होत नाही. त्यामुळे गर्दीच्या भागात सगळ्यांना एकाच वाटेवर ठेवा, चिखल असला तरी मधूनच चालायला सांगा. वाटच नसलेल्या दुर्गम गवताळ भागात मात्र लहान गटाने एकामागोमाग न चालता पांगून चालावं.

प्रश्न : घाणेरी (लँटाना, झपाट्याने पसरणारं परकं झुडूप) दोनदा तोडली, दोन्ही वेळा जास्त दाट आली. काय चुकलं?

कोयत्याने वरून तोडली असणार. बुंधा जमिनीत राहिला की त्याला अनेक फुटवे येतात. माती थोडी बाजूला करून, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कापा आणि झुडूप उपटून उलटं ठेवा, म्हणजे मातीला टेकून पुन्हा रुजणार नाही. फळं धरण्याआधी हे करा. तोडल्यावरही पक्षी बी आणतातच, म्हणून ते जिथे बसतात त्या झाडांखाली पुढची दोन वर्षं रोपं उपटत राहावं लागतं. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवत लावा, नाहीतर रानमोडीसारखं दुसरं तण ती जागा घेतं. पुढच्या दोन वर्षांची मजुरी हाताशी नसेल तर तुकडा लहान घ्या.

प्रश्न : वणवा नको म्हणतात आणि वनकर्मचारी स्वतःच गवत जाळतात. हे कसं?

ती जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा. कडक उन्हाळ्याआधी पट्ट्यातलं गवत कापून, वाळवून, वारा मंद असताना जाळतात. आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला सरकेल अशी लावतात, म्हणजे ती सावकाश जाते आणि ज्वाळा बुटक्या राहतात. पानगळीच्या जंगलात मात्र साफ केलेल्या रेषेवर पुन्हा पाचोळा पडतो. दुसऱ्यांदा झाडली नाही तर वणवा त्याच पाचोळ्यावरून पलीकडे जातो.

प्रश्न : प्राण्यापासून किती अंतर ठेवावं?

त्या त्या उद्यानाचा नियम पाळा. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून किमान ९१ मीटर, बायसनसह इतर प्राण्यांपासून २३ मीटर असा नियम आहे. नियमाइतकं अंतर असूनही प्राण्याने चरणं थांबवून तुमच्याकडे पाहिलं, तर आणखी मागे सरा.