कणकुंबीचं पान लहान आणि पूर्वेच्या सागाचं मोठं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा: कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, यरगट्टी, सौंदत्ती या घाटमाथ्यावरून पूर्वेच्या कोरड्या भागाकडे जाणाऱ्या वाटेवर एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही पानं गोळा केलीत. पूर्वेला पाऊस कमी होतो, म्हणजे पानंही लहान होत जातील अशी अपेक्षा होती. पण कणकुंबीच्या अंजनीचं (हे घाटातलं छोटं सदाहरित झाड) पान दोन-तीन इंचांचं भरलं आणि बेळगावच्या पूर्वेला सागाचं सुपाएवढं. मोजमाप चुकलं का, असं विचारलंत.

मोजमाप बरोबर आहे. सदाहरित आणि पानझडी झाडं एकाच आलेखात घातलीत, गोंधळ तिथून आलाय.

कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगावात बाराशे-तेराशे, सौंदत्तीकडे पाच-सहाशेच्या आसपास. पण कणकुंबीचाही बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरातच येतो. डिसेंबर ते मार्च दोन्हीकडे आभाळ कोरडंच. फरक एवढाच की घाटमाथ्यावरच्या मातीत खाली ओल टिकते, त्या जोरावर अंजनी पानं न गाळता उन्हाळा काढते. ज्या पानाला वर्ष-दोन वर्षं झाडावर राहायचंय ते दणकट असावंच लागतं. अंजनीचं पान हातात घेऊन दुमडून बघा: चामड्यासारखं जाड, वरून तुकतुकीत, शिरा धड दिसतही नाहीत. सागाचं पान उलट. खरखरीत, मोठं, कोवळं असताना चोळलं तर बोटं लाल होतात. आणि पाणी आहे तोवर काम करून ते कोरड्या ऋतूत गळून जातं. सागाने कोरडा काळ सोसायचाच नाही असं ठरवलंय. त्यामुळे पानाचा आकार बघून तो कोरड्या जागी कसा तगतो हे कळणार नाही.

म्हणून क्षेत्रफळाच्या जोडीला कोरडं वजन घ्याच. ताज्या पानाचं क्षेत्रफळ मोजा, मग 60 ते 70 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि क्षेत्रफळाला वजनाने भागा. समजा पान 60 चौरस सेंटीमीटर आणि कोरडं वजन अर्धा ग्रॅम, तर एसएलए (म्हणजे एक ग्रॅम कोरड्या वजनामागे पानाचं क्षेत्रफळ) 120 चौरस सेंटीमीटर आला. एसएलए कमी म्हणजे पान महागडं आणि दीर्घायुषी, जास्त म्हणजे स्वस्तात बनवलेलं आणि लवकर टाकून द्यायचं. 2004 साली 175 ठिकाणच्या अडीच हजारांहून जास्त प्रजातींची आकडेवारी एकत्र करून टिकाऊ पान की स्वस्त पान, हीच तडजोड जगभर दिसते असं दाखवलं गेलं. तुमच्या आकड्यांत सदाहरित आणि पानझडी वेगळे करा, मग प्रत्येक गटात पावसाचा परिणाम तपासा. चित्र बरंच स्पष्ट होईल.

आकाराचं गणित मुख्यतः उष्णतेचं आहे. मोठ्या पानाभोवती हवेचा जाड थर चिकटून राहतो, पाणी उडवल्याशिवाय ते थंड होत नाही. बाभूळ, हिवर यांची बारीक पर्णिका (एका पानातलं सुटं छोटं पान) वाऱ्याच्या तापमानाबरोबर राहते. त्यामुळे अशा अनेक पर्णिकांच्या, म्हणजे संयुक्त पानात अख्खं पान मोजायचं की पर्णिका, हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मी पर्णिका मोजेन.

या भागातल्या काही गोष्टी मात्र सांभाळा. साग बऱ्याच ठिकाणी लावलेला आहे. तो तिथे पावसाने निवडून आलेला नाही. ऑस्ट्रेलियन अकेशियाचं 'पान' हे पानच नव्हे, तो चपटा झालेला देठ आहे, त्याला सरासरीत घेऊ नका. मलप्रभेच्या कालव्याकाठच्या झाडाला पाचशे मिलिमीटरचा जाच कळतच नाही, तिथला नमुना टाळा. आणि सगळीकडे उन्हातलीच पानं घ्या. एकाच झाडाचं सावलीतलं पान पातळ नि रुंद असतं, तेवढ्याने निष्कर्ष उलटू शकतो.

विविधतेबद्दल तुम्ही लिहिलंय की पूर्वेला ती 'संपते'. झाडांच्या प्रजाती कमी होतात हे खरं, पण पावसाळ्यात खानापूरच्या जांभ्या सड्यावर (जांभा दगडाच्या उघड्या पठारावर) आणि पूर्वेच्या माळावर गवतं नि छोट्या वनस्पती मोजल्यात तर हे विधान टिकणार नाही. झाडं, झुडपं, वर्षायू (एका वर्षात आयुष्य संपणाऱ्या) वनस्पती यांचे आकडे वेगळे द्या. शिवाय जांबोटीकडून बेळगावकडे येताना अंजनी, जांभूळ विरळ होऊन ऐन, किंजळ, नाणा वाढतात, पुढे धावडा, खैर, हिवर येतात. प्रजातींची संख्या सारखी भरली तरी यादी पालटलेली असते. दोन-दोन ठिकाणांमधलं साम्य काढलंत तर हा बदल आकड्यात दिसेल.

शक्य असेल तर जांभळाची पानं कणकुंबीच्या रानातून आणि पूर्वेच्या एखाद्या ओढ्याकाठून, दोन्हीकडून घ्या. प्रजाती तीच राहिल्यावर जो फरक उरेल तो तुमच्या प्रबंधातला सगळ्यात भक्कम भाग होईल. ओढ्याची नोंद मात्र नक्की करा, कारण तिथे पावसापेक्षा जमिनीतलं पाणी जास्त बोलतं. एसएलएचे आकडे तयार झाले की इथे टाका, मी बघतो.